मूत्रपिंडाचा आजार वेळेत ओळखणे आणि सांभाळणे : सीमाभागातील कुटुंबांसाठी

मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन आजाराची मोठी अडचण अशी, की तो दुखत नाही. दोन्ही मूत्रपिंडांची मिळून निम्म्याहून अधिक क्षमता गेलेली असतानाही माणूस उसाच्या फडात राबतो, जेवतो, शांत झोपतो आणि त्याला काही झाले आहे असे घरातल्या कोणालाही वाटत नाही. पायावर सूज, चालताना लागणारा दम, अन्नावरची वासना उडणे, सकाळची मळमळ, अंगाला सुटणारी खाज, रात्री पुन्हा पुन्हा लघवीला उठावे लागणे ही लक्षणे आपण सुरुवातीची समजतो. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा आजार बराच पुढे गेल्यावर दिसतात. म्हणून लक्षणांची वाट न पाहता तपासणी करणे हाच हा आजार ओळखण्याचा भरवशाचा मार्ग आहे.

दुसरी अडचण खास आपल्या भागाची आहे. खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी किंवा बेळगाव तालुक्यातील रुग्ण आज बेळगावला दाखवतो, नातेवाइकांच्या सांगण्यावरून पुढच्या खेपेला कोल्हापूर किंवा मिरज गाठतो, आणि मुलगा गोव्यात नोकरीला असेल तर काही महिने तिकडेच राहतो. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर निघतो आणि जुने रिपोर्ट घरच्या ट्रंकेत पडून राहतात. या आजारात एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल अधिक बोलकी असते. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांची क्षमता घटली की रक्तात साचणारा टाकाऊ पदार्थ, १.८ आहे एवढ्यावरून डॉक्टरांना फारसे कळत नाही. ते गेली तीन वर्षे १.८ वरच स्थिर आहे की सहा महिन्यांपूर्वी १.१ होते, यावर उपचाराची दिशा ठरते. त्यामुळे पुढील सर्व सूचनांच्या आधी एक साधे काम करावे : एक जाड फाइल घ्यावी, सर्व रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावावेत, पहिल्या पानावर तारीख, रक्तदाब, वजन, क्रिएटिनिन, ईजीएफआर (मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता दाखवणारा आकडा), पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन यांचा तक्ता आखावा आणि डॉक्टर कोणत्याही गावचे असोत, ही फाइल सोबत न्यावी. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवले तर उत्तमच. पण फोटो क्रमाने सापडत नाहीत, म्हणून कागदाला पर्याय समजू नये.

तपासणी कोणी करावी

मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही या आजाराची दोन प्रमुख कारणे आहेत. यांपैकी एकही असेल तर वर्षातून किमान एकदा मूत्रपिंडाची तपासणी झालीच पाहिजे. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात ती निदान झाल्याच्या दिवसापासून सुरू करावी, कारण मधुमेह लक्षात येण्याआधी तो अनेक वर्षे अंगात असू शकतो. याखेरीज घरात कोणाला डायलिसिस लागले असेल, वारंवार मूतखडे होत असतील, प्रोस्टेटमुळे लघवी तुंबत असेल, गरोदरपणात रक्तदाब वाढला असेल, हृदयविकार असेल किंवा सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षे गोळ्या चालू असतील, तर अशा व्यक्तींनीही तपासून घ्यावे. तीस वर्षांवरील सर्वांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. तिथूनच सुरुवात करता येते.

मूतखडा आणि मूत्रपिंड निकामी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथेच सांगितले पाहिजे. खड्यासाठी पानफुटीची पाने खाऊन महिनोन्‌महिने थांबणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. खडा मूत्रनलिकेत अडकून लघवीचा मार्ग बंद झाला असेल तर त्या बाजूचे मूत्रपिंड कोणत्याही वेदनेविना हळूहळू खराब होऊ शकते. दुखणे थांबले याचा अर्थ खडा पडला असा होत नाही; ते सोनोग्राफीनेच ठरते.

दोन तपासण्या आणि त्यांचा अर्थ

पहिली तपासणी रक्तातील क्रिएटिनिनची. स्नायूंमधून रोज तयार होणारा हा टाकाऊ पदार्थ मूत्रपिंड बाहेर टाकतात. त्यांची क्षमता घटली की तो रक्तात साचतो. मात्र नुसता क्रिएटिनिनचा आकडा फसवा असतो, कारण तो स्नायूंच्या प्रमाणावरही अवलंबून आहे. म्हणून वय आणि लिंग लक्षात घेऊन त्यावरून ईजीएफआर काढतात. क्रिएटिनिन दोघांचेही १.३ आले असे समजा : पंचवीस वर्षांच्या तरुणाचा ईजीएफआर साधारण ७८ निघतो, तर पासष्ट वर्षांच्या बाईंचा केवळ ४६ च्या आसपास. रिपोर्टवर दोघांच्याही आकड्यापुढे ‘किंचित जास्त’ एवढेच दिसेल. पण बाईंच्या बाबतीत तो आजाराचा तिसरा टप्पा असू शकतो. रिपोर्टमध्ये ईजीएफआर छापलेला नसेल तर लॅबकडून किंवा डॉक्टरांकडून तो काढून घ्यावा.

दुसरी तपासणी लघवीतील अल्ब्युमिनची. पिठाची चाळण फाटली की पिठाबरोबर कोंडाही खाली येतो, तसे मूत्रपिंडातील गाळणीला इजा झाली की रक्तातले प्रथिन लघवीत उतरू लागते, आणि हे क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी घडू शकते. लॅबमध्ये या तपासणीला एसीआर म्हणतात. सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना दिल्यास ती अधिक विश्वासार्ह ठरते. तीस मिलिग्रॅम प्रति ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ठीक, तीस ते तीनशे म्हणजे गळती सुरू झाली, आणि तीनशेच्या वर असेल तर तज्ज्ञांना दाखवावे. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचे अतिश्रम यांमुळेही आकडा तात्पुरता वाढतो, म्हणून तपासणी पुन्हा करावी. लघवीला सतत आणि बराच वेळ न जिरणारा फेस येत असेल तर एसीआर करून घेण्यास विलंब करू नये.

माझ्या मते आपल्याकडे सर्वांत जास्त टाळली जाणारी तपासणी हीच आहे. साखर आणि क्रिएटिनिन तपासून ‘किडनी चांगली आहे’ असे सांगून घरी पाठवलेले मधुमेही सर्वत्र आढळतात. लघवी मात्र कोणी तपासलेली नसते. रुग्णाने स्वतः मागणी केली तर ती होते.

ईजीएफआर साठच्या खाली, किंवा लघवीत अल्ब्युमिनची गळती, यांपैकी काहीही किमान तीन महिने टिकून राहिले तरच त्याला दीर्घकालीन आजार म्हणतात. ईजीएफआर ४५ ते ५९ आणि ३० ते ४४ हे तिसऱ्या टप्प्याचे दोन भाग, १५ ते २९ हा चौथा टप्पा आणि १५ च्या खाली पाचवा. ईजीएफआर तीसच्या खाली गेला असेल, वर्षभरात पाचाहून अधिक अंकांनी घसरला असेल, लघवीत रक्त जात असेल किंवा तीन-तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर मूत्रपिंडतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे.

काही तासांत किंवा दिवसांत अचानक होणारी इजा ही वेगळी बाब. उलट्या-जुलाबांतून झालेली पाण्याची कमतरता, भाताच्या चिखलात काम केल्यानंतर होणारा लेप्टोस्पायरोसिस, आणि घोणशीचा दंश ही तिची आपल्या भागात सहज संभवणारी कारणे आहेत. घोणस चावल्यावर मांत्रिकाकडे गेलेला प्रत्येक तास मूत्रपिंडांवर पडतो. प्रतिसर्पविष मिळणाऱ्या रुग्णालयात थेट जावे आणि पुढील दिवसांत लघवी कमी होते का, तिचा रंग काळसर-लाल होतो का, यावर लक्ष ठेवावे. अशी इजा वेळेत उपचार झाल्यास पूर्ण भरूनही येते, मात्र त्यानंतर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवी पुन्हा तपासली पाहिजे.

औषधे : कोणती सोडू नयेत, कोणती घेऊ नयेत

रक्तदाब साधारणपणे १३०/८० च्या खाली ठेवणे हे पहिले उद्दिष्ट. घरी दंडावर बांधायचे डिजिटल यंत्र असावे, पाच मिनिटे शांत बसून मोजावे आणि आकडा फाइलमध्ये लिहावा. लघवीतून अल्ब्युमिन जात असल्यास डॉक्टर बहुधा टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रॅमिप्रिल या वर्गातील गोळी देतात. ती रक्तदाबाबरोबर गाळणीवरचा दाबही कमी करते. गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडे वाढते, आणि नेमक्या याच ठिकाणी गोंधळ होतो : ‘गोळीने किडनी खराब केली’ असे ठरवून लोक ती परस्पर बंद करतात. तीस टक्क्यांपर्यंतची अशी वाढ अपेक्षित मानली जाते. गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांनी, फार तर चार आठवड्यांच्या आत, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा असतो.

डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही मुळात मधुमेहाची औषधे. परंतु मधुमेह नसलेल्या मूत्रपिंडरुग्णांतही त्यांनी आजाराची घसरण मंदावते, असे मोठ्या चाचण्यांत दिसून आले आहे. ती आपल्याला योग्य आहेत का, हे डॉक्टरांना विचारावे. मेटफॉर्मिनची मात्रा ईजीएफआर ४५ च्या खाली गेल्यावर कमी करावी लागते आणि तीसच्या खाली ते बंद करतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी एक गोष्ट जाणून घ्यावी : मूत्रपिंड कमजोर झाली की इन्सुलिन शरीरात अधिक काळ टिकते आणि साखर आपोआप कमी येऊ लागते. त्याला ‘मधुमेह बरा झाला’ असे समजणे घातक आहे.

उलट्या, जुलाब किंवा तीव्र तापात खाणेपिणे बंद झाले असेल, तर वर सांगितलेली रक्तदाबाची गोळी, लघवी वाढवणारी गोळी, मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन यांपैकी काही औषधे तात्पुरती थांबवावी लागतात. कोणती आणि किती दिवस, हे बरे असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

आता वेदनाशामक गोळ्यांविषयी. ऊसतोड, तंबाखूची कामे, विटांच्या भट्ट्या, भाताची लावणी या सगळ्यांत अंग दुखणारच, आणि मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणारी गोळी हा सर्वांत सोपा उपाय असतो. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, असेक्लोफिनॅक, निमेसुलाइड ही औषधे मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. भर उन्हात घाम गाळून शरीरातले पाणी कमी झालेले असताना, त्यातही रक्तदाबाची गोळी चालू असताना, ती घेतली तर धोका अनेक पटींनी वाढतो. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा आणि एल साल्वाडोर या देशांत मधुमेह किंवा रक्तदाब नसलेल्या तरुण ऊसतोड कामगारांत मूत्रपिंडे निकामी होण्याचा आजार आढळला आहे, आणि उष्णतेत पाण्याविना होणारे कष्ट हे त्याचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. आपल्या कारखान्यांच्या टोळ्यांनी सावलीतली विश्रांती आणि फडात प्यायचे पाणी या गोष्टी चैनीच्या समजू नयेत. वेदनेसाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत त्या मानाने सुरक्षित आहे. पण पाकिटावरचे बारीक अक्षर वाचावे, कारण ‘पॅरासिटामॉलची’ म्हणून दिलेल्या गोळीत पुष्कळदा असेक्लोफिनॅकही असते. आषाढी वारीला पायी निघणाऱ्या रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांनीही हे लक्षात ठेवावे.

झाडपाल्याविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. क्रिएटिनिन खाली आणतो असे सांगून लेबल नसलेली पूड देणाऱ्यांकडे जाऊ नये. काही भस्मांत शिसे किंवा पारा आढळतो, आणि सापसण या वेलीत असलेले ॲरिस्टोलोचिक आम्ल मूत्रपिंडाला कायमची इजा करते. कोणतेही आयुर्वेदिक औषध चालू असेल तर ते लपवू नये. त्याचे नाव फाइलमध्ये लिहावे. तंबाखू, विडी, गुटखा यांच्याबरोबर मिसरीही सोडावी. घरातल्या वडीलधाऱ्या बायका मिसरीला व्यसन मानत नाहीत, पण रक्तवाहिन्यांना तो तंबाखूच असतो.

ताटात काय असावे

मीठ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट लहान चमचाभर, आणि यात सगळे आले. ज्वारीची भाकरी बहुतेक घरांत बिनमिठाची होते, ही आपल्या जेवणातली मोठी सोय आहे; पण तिच्या शेजारी खर्डा, लोणचे, पापड, सांडगे आणि सुके मासे बसले की तो फायदा संपतो. खर्डा खायचाच असेल तर मीठ जवळजवळ न घालता लसूण आणि लिंबावर चव आणावी. सैंधव मीठ हेही मीठच आहे. ‘लो सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात मात्र पोटॅशियम क्लोराइड असते आणि ते मूत्रपिंडरुग्णाला धोकादायक ठरू शकते. ते घेऊ नये.

डायलिसिस नसताना प्रथिने वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम पुरतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे ४८ ग्रॅम. डाळ, दूध, अंडी पूर्ण बंद करून रुग्णाला नुसत्या भाताच्या पेजेवर ठेवण्याची पद्धत चुकीची आहे. त्याने स्नायू झडतात. डायलिसिस सुरू झाल्यावर तर प्रथिनांची गरज वाढून १ ते १.२ ग्रॅमपर्यंत जाते, आणि घरची माणसे मात्र जुनेच पथ्य चालू ठेवतात.

पोटॅशियमचे पथ्य सर्वांना लागू नसते. रक्तातील पोटॅशियम ५ च्या वर जाऊ लागले की ते पाळावे. तेव्हा शहाळ्याचे पाणी, केळी, संत्री-मोसंबी, टोमॅटो, बटाटा, सुकामेवा, गूळ आणि उसाचा रस आवरावा लागतो. म्हणजे गुऱ्हाळावरची काकवी गेली आणि गोकाकचा करदंटही गेला. बेळगावचा कुंदा मधुमेहींना साखरेसाठी आणि पुढच्या टप्प्यातील रुग्णांना खव्यातील फॉस्फरससाठी बेताचाच बरा. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळाव्या आणि ते पाणी टाकून द्यावे, म्हणजे बरेचसे पोटॅशियम निघून जाते. एकादशीला बटाटा, शेंगदाणे आणि केळी यांवर दिवस काढणारे रुग्ण दुसऱ्या दिवशी पोटॅशियम वाढून दवाखान्यात येऊ शकतात. करमल किंवा कमरख हे पाच कंगोऱ्यांचे आंबट फळ मात्र पोटॅशियम कितीही असले तरी पूर्ण वर्ज्य. मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसाला एखाद्या फळानेही थांबता न थांबणारी उचकी, भ्रम आणि झटके येऊ शकतात.

पाण्याविषयी दोन टोकांचे गैरसमज आहेत. रोज पाच लिटर पाणी पिऊन मूत्रपिंडे ‘धुऊन’ निघत नाहीत. सूज नसेल आणि लघवी नीट होत असेल तर तहानेप्रमाणे प्यावे. मूतखड्याच्या रुग्णाने अधिक प्यावे. डायलिसिसच्या रुग्णाने दिवसभरातील लघवीएवढे अधिक सुमारे अर्धा लिटर एवढेच घ्यावे, आणि त्यात चहा, ताक, आमटीही मोजावी.

पुढच्या टप्प्याची तयारी

ईजीएफआर तीसच्या खाली गेला की डाव्या हाताच्या, किंवा डावखुऱ्या माणसाच्या उजव्या हाताच्या, शिरा जपायला लागावे. त्या हातावर सलाईन लावू देऊ नये, रक्त मनगटाखाली पंजाच्या मागच्या बाजूने काढण्यास सांगावे. पुढे डायलिसिससाठी फिस्टुला, म्हणजे हातातील धमनी आणि शीर यांचा शस्त्रक्रियेने केलेला जोड, करायचा झाल्यास या शिरा लागतात, आणि तो पक्का होण्यास दीड-दोन महिने किंवा अधिक काळ जातो. ऐन वेळी मानेत नळी घालून सुरू केलेल्या डायलिसिसमध्ये जंतुसंसर्गाचा धोका बराच जास्त असतो. हिपॅटायटिस बी ची लस याच काळात घ्यावी. हिमोग्लोबिन कमी होऊ लागल्यास लोह आणि एरिथ्रोपोएटिन (रक्तपेशी तयार होण्यास चालना देणारे द्रव्य) यांची इंजेक्शने लागतात; बीट आणि डाळिंबाने ते भरून येत नाही. लघवी बंद होणे, आडवे झाल्यावर दम लागणे, गुंगी, स्नायूंतील अचानक अशक्तपणा किंवा छातीतील धडधड यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठे रुग्णालय गाठावे.

रक्ताचे डायलिसिस साधारणतः आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास चालते. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी यांमुळे अनेक जण ते दोनदाच करतात. तसे करावे लागत असल्यास मीठ-पाण्याचे पथ्य अधिक कडक लागते. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून चालू असून दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना सरकारी रुग्णालयांत डायलिसिस मोफत मिळते. बेळगावचे जिल्हा रुग्णालय आणि आपल्या तालुक्याचे सरकारी रुग्णालय या दोन्ही ठिकाणी आधी चौकशी करून नाव नोंदवावे. कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत, तर एपीएल कुटुंबाला खर्चाच्या तीस टक्के आणि वर्षाला दीड लाखापर्यंत मदत मिळते. खासगी रुग्णालयात जाण्याआधी सहसा सरकारी रुग्णालयाची शिफारस लागते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. त्यावरून दोन्ही राज्यांत वाद झाला, तरी रुग्णाने त्यात न अडकता दाखल होण्यापूर्वीच त्या रुग्णालयाच्या योजना-कक्षात आपले रेशन कार्ड कोणत्या योजनेत चालते ते विचारून घ्यावे.

मूत्रपिंड प्रत्यारोपण हा योग्य रुग्णासाठी डायलिसिसपेक्षा चांगला उपाय आहे आणि तो डायलिसिस सुरू होण्यापूर्वीही करता येतो. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यानुसार आणि त्यातील २०११ च्या दुरुस्तीनुसार पती-पत्नी, आईवडील, मुले, सख्खी भावंडे, आजी-आजोबा आणि नातवंडे हे जवळचे नातेवाईक ठरतात. मामा, आत्या किंवा चुलत भाऊ दाता असेल तर प्राधिकरण समितीची परवानगी लागते. येथे सीमाभागातील कुटुंबांची कागदांवरून फार अडवणूक होते. मुलाचे आधार कार्ड कन्नड आणि इंग्रजीत, आईचा शाळेचा दाखला मराठीत, सासरचे नाव एकीकडे आणि माहेरचे दुसरीकडे, आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग तीन कागदांवर तीन प्रकारचे असे आढळते, आणि नाते सिद्ध करण्यातच काही महिने निघून जातात. म्हणून चौथा टप्पा आल्याचे कळताच, दाता अजून ठरलेला नसला तरी, घरातील सर्वांची आधार कार्डे, जन्मदाखले, विवाह नोंदणी आणि रेशन कार्ड एकत्र काढून नावे जुळतात का पाहावे, आणि जिथे जुळत नसतील तिथे दुरुस्तीचे अर्ज तेव्हाच भरावेत.